सोमवारची श्रद्धा



व्याख्यानमालेचे चिटणीस विषय विचारावयास माझ्याकडे आले, तेव्हा मी किमान वेतनावर, कंत्राटी पद्धतीवर किंवा नव्या श्रमसंहितांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. मी म्हटले, या खेपेस मला माझ्या धर्माविषयी बोलू द्या. चिटणीस क्षणभर गप्प झाले. हा गृहस्थ व्यासपीठावरून धर्मप्रसार तर करणार नाही ना, अशी शंका त्यांना आली असावी. तशी भीती कोणी बाळगू नये. माणसाची श्रद्धा शिळी होते आणि ती ताजी ठेवण्यासाठी काहीतरी करावे लागते, एवढेच मला बोलावयाचे आहे. आणि ते मी माझ्या घरच्या अनुभवावरून बोलणार, कारण दुसऱ्याच्या चुलीत लाकडे किती ओली आहेत हे बाहेरून समजत नाही.

मी वसईकडचा कॅथलिक. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून आणि संध्याकाळी नगरवाचनालयात झाले. बाहेरगावी गेलो की कोणीतरी हमखास म्हणते, "तुम्ही ख्रिस्ती असून मराठी छान बोलता." मी आता रागावत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचून १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, एवढे सांगतो आणि चहा मागवितो.

तर श्रद्धा शिळी होण्याविषयी. माझी आजी निरक्षर होती. तिच्या उमेदीच्या काळात मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. लोकभाषेची मोकळीक व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात दिली. आजी लॅटिन उत्तरे तोंडपाठ म्हणे आणि त्यांतील एका शब्दाचाही अर्थ तिला ठाऊक नव्हता. पण वाडीतील भाजी पाटीत भरताना ती वजन वाढविण्यासाठी पाण्याचा हबका मारीत नसे. शेजारच्या बाया हसत. आजी म्हणे, "पोरा, रविवारी ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे, तो सोमवारी तराजू बघतो." मला मात्र मराठीतून मिस्सा मिळाली, मराठीतून बायबल मिळाले, प्रवचने मिळाली. सर्व समजत होते. आणि तरीही चाळिशीला येईपर्यंत माझी श्रद्धा अगदी सुकून गेली होती. तेव्हा नुसत्या समजण्याने श्रद्धा ताजी राहते असे ज्यांना वाटते, त्यांनी माझे उदाहरण लक्षात ठेवावे.

सुकून गेली म्हणजे मी नास्तिक झालो होतो असे नव्हे. रविवार चुकवीत नव्हतो. लोकलमध्ये खिशात हात घालून जपमाळेचे मणी सरकवीत होतो, आणि मणी सरकत असता डोक्यात बोनसचे गणित चालू असे. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापाशी संध्याकाळी प्रार्थना होते, तेथेही मी उभा राहत असे. हजेरी पूर्ण, उत्पादन शून्य! कारखान्यात असा कामगार आढळला तर त्याच्या बाजूने भांडणेसुद्धा मला जड गेले असते.

आमच्यात पापनिवेदनाचा संस्कार आहे. धर्मगुरूपुढे गुडघे टेकून आपली पापे उच्चारावयाची आणि देवाची क्षमा मागावयाची. तेथे ऐकलेले धर्मगुरूने कोणालाही सांगावयाचे नसते; पण निवेदन करणारा आपले स्वतःचे सांगावयास मोकळा असतो, म्हणून सांगतो. २०११ सालच्या ऑगस्टमध्ये मी एका वृद्ध फादरांपुढे गेलो आणि नेहमीची यादी म्हटली: खोटे बोललो, रागावलो, प्रार्थनेत लक्ष नव्हते. ते म्हणाले, "बाळ, ही यादी तू किती वर्षांचा असताना पाठ केलीस?" मी गोंधळलो. खरे म्हणजे आठव्या वर्षी, प्रथम ख्रिस्तप्रसाद घेताना, ती मला शिकविली होती. ते म्हणाले, "आठ वर्षांच्या मुलाची पापे मला सांगू नकोस. तू काम काय करतोस? मग गेल्या मंगळवारी कामावर काय झाले ते सांग."

गेल्या मंगळवारी मी एका करारावर सही केली होती.

तो करार काय होता ते सांगण्यापूर्वी फादरांनी मला जे औषध दिले त्याविषयी बोलतो. त्यांनी मला पाच-दहा रुपयांची खिशातली डायरी घ्यावयास सांगितली आणि संत इग्नेशियस लोयोला यांची एक रीत शिकविली. हे इग्नेशियस स्पेनमधले, मूळचे शिपाईगडी. १५२१ साली पांप्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला. अंथरुणावर पडले असता वाचावयास वीरकथा मागितल्या, त्या घरात नव्हत्या. होती ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रे. त्या वाचनातून माणूस पालटला. गोव्याला ज्यांचे शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर हे त्यांचेच सोबती. या शिपाईगड्याने आत्मपरीक्षणाची जी पद्धत लिहून ठेवली आहे, ती पाहून मी थक्क झालो. आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघा आखावयाच्या. आपल्यातला एकच दोष निवडावयाचा. सकाळी तो आठवून सावध व्हावयाचे. दुपारी आणि रात्री हिशेब करून, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्यावयाचे. मग दुपार आणि रात्र ताडून पाहावयाची, काल आणि आज, हा आठवडा आणि मागचा आठवडा. अहो, हे तर मस्टर! आयुष्यभर मी दुसऱ्यांची मस्टरे तपासली, हजेरीतली खाडाखोड शोधली, आणि माझे स्वतःचे मस्टर कोरे होते.

आता तो करार. औद्योगिक वसाहतीतला एक मध्यम कारखाना. नाव सांगण्याचे कारण नाही. कायम कामगार सत्तर, आणि पॅकिंगला ठेकेदारामार्फत आणलेल्या सुमारे चाळीस बायका. आम्ही तीन वर्षांचा करार केला. कायम कामगारांना चांगली वाढ मिळाली, द्वारसभेत माझ्या गळ्यात हार पडले. कराराच्या शेवटी एक कलम होते: कंत्राटी कामगारांबाबत युनियन कोणतीही मागणी करणार नाही. ते कलम मी वाचले होते. वाढ हवी तर ते स्वीकारावे लागेल हे मला समजले होते, आणि मी सही केली होती. मनाची समजूत अशी घातली होती की त्या बायका आमच्या सभासद नाहीत, आणि मिळतो तो दर त्यांनी आपखुशीने कबूल केला आहे.

फादर म्हणाले, "त्यांना जाऊन बघ आधी." दुसरे काही प्रायश्चित्त दिले नाही.

मी गेटवर जाऊन उभा राहिलो. त्या बायकांच्या बाजूने मी सहा वर्षे ये-जा करीत होतो आणि एकीचेही नाव मला ठाऊक नव्हते. डहाणूच्या बाजूने पहाटेच्या गाडीने यावयाचे, बारा तास उभ्याने काम, पगार वीस तारखेच्या पुढे आणि तोही किमान वेतनापेक्षा कमी. जादा कामाचा पैसा नाही. हे सारे मी थोडेफार धरून चाललो होतो. जे धरले नव्हते ते पुढेच आहे. एक बाई म्हणाली, "दादा, आम्हांला कॅन्टीनमध्ये बसू देत नाहीत. संडासाजवळच्या नळाचं पाणी पितो." मी तावातावाने विचारले, असा नियम केला कोणी? ती माझ्याकडे बघतच राहिली. नियम कॅन्टीन कमिटीचा होता, आणि ती कमिटी आमच्या युनियनची होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सप्टेंबरमधल्या एका रविवारी, मिस्सेत द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला वाचला गेला. आपणांपैकी अनेकांना तो माहीत नसेल. एक मळेवाला पहाटे मजूर लावतो, दिवसाचा एक दिनार ठरवितो. नऊला, बाराला, तीनला आणखी मजूर नेतो. पाच वाजता नाक्यावर पाहतो तो काही जण अजून उभेच. कोणी कामावर घेतलेच नाही म्हणतात. त्यांनाही नेतो. संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दिनार देतो, आणि पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. हा दाखला मी लहानपणापासून ऐकत होतो आणि खरे सांगतो, मला तो कधी पटला नव्हता. हा मळेवाला कोणत्याही युनियनला मान्य होणार नाही! बारा तास आणि एक तास यांना एकच मजुरी? कुरकुरणाऱ्यांचे वकीलपत्र मी मनातल्या मनात केव्हाच घेतले होते. त्या रविवारी मात्र मला पहिल्यांदाच ते पाच वाजताचे लोक दिसले. दिवसभर उन्हात नाक्यावर उभे, घरी पोरे वाट पाहत असलेले. एका तासाची मजुरी घेऊन ते घरी काय शिजविणार? आणि दिनार म्हणजे मजुराच्या घराची एका दिवसाची गुजराण. शब्द तेच होते. चाळीस वर्षांत एक अक्षर बदलले नव्हते. ताजे झाले ते मी सोमवारी गेटवर उभा राहून आलो होतो म्हणून.

मला जे सांगावयाचे आहे ते बहुतेक एवढेच आहे, पण काही हिशेब पुरे करावयाचे राहिले आहेत.

पुढे वाचनालयात शोधता शोधता मला बेल्जियमच्या जोसेफ कार्डाइन यांची माहिती मिळाली. हे १८८२ साली ब्रुसेल्सजवळ एका श्रमजीवी घरात जन्मले. धर्मगुरू होण्यासाठी शिकावयास गेले आणि सुटीत घरी आले, तो शाळासोबती कारखान्यांत कामाला लागलेले. ते याच्याकडे परका, मालकांच्या बाजूचा म्हणून पाहू लागले. १९०३ साली वडील मरणाच्या दारी असता या मुलाने कामगारवर्गासाठी आयुष्य वेचण्याचा संकल्प केला. १९२५ साली त्यांनी तरुण कॅथलिक कामगारांची संघटना उभी केली आणि तिला तीन शब्दांची रीत दिली: पाहा, पारखा, करा. आधी डोळ्यांसमोरची वस्तुस्थिती पाहावयाची, मग ती ख्रिस्ताच्या शिकवणुकीवर घासून पारखावयाची, आणि मग जे करता येण्यासारखे असेल ते करावयाचे. लहान का होईना, पण करावयाचे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ सालच्या आपल्या परिपत्रकात ही रीत शिफारसपूर्वक सांगितली आहे. माझ्या वृद्ध फादरांनी तिचे नावही घेतले नव्हते. त्यांनी मला सरळ पहिल्या शब्दावर नेऊन उभे केले होते.

पारखण्याच्या बाबतीत एक गोष्ट सांगतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच लिहून ठेवले आहे की, मजूर गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने कमी मजुरीला कबूल झाला, तर ती कबुली म्हणजे त्याच्यावरची जबरदस्ती होय. मजुरी काटकसरीने राहणाऱ्या माणसाचे पोट भरेल इतकी असलीच पाहिजे. म्हणजे 'आपखुशीने कबूल केले आहे' हा माझा बचाव शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीच फेटाळला गेला होता. आणि आमच्या शिकवणुकीत काही पापे अशी सांगितली आहेत की ती थेट स्वर्गाकडे ओरड करतात. मनुष्यहत्या त्यांत आहे. मजुराची मजुरी बुडविणे हेही त्यांतच आहे. लहानपणी ही यादी आम्ही घोकून पाठ केली होती. परीक्षेत मार्कही मिळाले होते.

आता करण्याची गोष्ट. येथे विजयाची कहाणी ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा असेल तर निराशा होईल. कराराने माझे हात बांधलेले होते. पण कोणतेही कलम कायद्याची तक्रार अडवू शकत नाही, आणि त्या वेळी लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येत होती. बायकांनी स्वतः अर्ज करावयाचा होता. चाळिसांपैकी सात जणी पुढे आल्या. चौदा महिने तारखा पडल्या. सात जणींना थकबाकीचा काही भाग मिळाला. त्यांतील चौघींना मधल्या काळात कामावरून बंद केले, आणि त्या चौघींना मी परत कामावर घेववू शकलो नाही. आमचे कायम कामगार चिडले. 'आमच्या वर्गणीवर दुसऱ्यांची वकिली' असे फलकावर खडूने लिहिले गेले. पुढच्या निवडणुकीत त्या युनिटमधून मी पडलो. ज्या गेटवर हार पडले होते त्याच गेटवर वर्षभराने मला कोणी पाणी विचारले नाही. कॅन्टीनचा नियम तेवढा बदलला, तोही मी पडण्यापूर्वी कमिटीच्या शेवटच्या बैठकीत, एका मताने.

याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर आमच्याच धर्मग्रामातले होते. आठवडाभर आम्ही लेबर ऑफिसात समोरासमोर भांडावयाचो आणि रविवारी एकाच चर्चमध्ये बसावयाचो. मिस्सेत एक क्षण असा येतो की शेजाऱ्याकडे वळून हात जोडून शांतीची खूण करावयाची असते. एका रविवारी ते नेमके माझ्या मागच्या बाकावर. मी वळलो, डावीकडे हात जोडले, उजवीकडे जोडले, आणि मागे न पाहता पुन्हा वेदीकडे तोंड केले. मग ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे राहवेना. भावाचे तुझ्याविरुद्ध काही असेल तर तुझी भेट वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असे येशूने बजावले आहे, हे मला कुणी सांगावयास नको होते. मिस्सा संपल्यावर आवारातल्या आंब्याखाली त्यांना गाठले. म्हटले, "साहेब, उद्या मी तुमच्याविरुद्ध आणखी एक अर्ज देणार आहे. पण मघाशी मी पाठ फिरविली, ती चूक झाली." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्ज नीट तपासून द्या. मागच्या अर्जात तारीख चुकली होती." आमची मैत्री झाली नाही. पण अर्जात तारीख खरोखरच चुकली होती.

लाल बावट्याचे एक वडीलधारे कॉम्रेड माझ्या फार जवळचे. ही सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "अरे, हे सारे मी देवावाचून करतो. मग तुझा देव करतो काय?" प्रश्न रास्त आहे. संपात शेवटच्या माणसाने जेवल्याशिवाय हा गृहस्थ जेवत नसे. त्यांच्यापुढे श्रद्धेचा तोरा मिरविण्याची माझी प्राज्ञा नाही. मी एवढेच विचारले, "कॉम्रेड, तुमची चूक तुम्हांला कोण दाखवितो?" ते म्हणाले, "पक्ष." मी म्हटले, "आणि क्षमा?" ते मोठ्याने हसले. "पक्षात क्षमा नसते रे. ठराव असतो."

मला क्षमा लागते. ज्या चौघींना मी कामावर परत नेऊ शकलो नाही, त्यांचा हिशेब माझ्याच्याने मिटणार नाही. तो कोणापुढे तरी उघडा ठेवता येतो म्हणून मी दुसऱ्या गेटवर पुन्हा उभा राहू शकतो. युनियनच्या पुढाऱ्याला सभासद त्याची चूक सांगत नाहीत. ते एकतर हार घालतात, नाहीतर पाडतात. गुडघे टेकल्यावर या दोन्हींपेक्षा वेगळे काहीतरी होते. कॉम्रेडना हे पटले असे मी म्हणत नाही. त्यांनी विडी पेटविली आणि विषय बदलला.

परवाच मे महिन्याची पहिली तारीख झाली. आपणांस तो कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन म्हणून माहीत आहे. आमच्या पंचांगात १९५५ पासून तो कामगार संत योसेफ यांचाही सण आहे. नाझरेथच्या त्या सुताराच्या घरी येशूची तिशीपर्यंतची वर्षे गेली, आणि त्या वर्षांविषयी शुभवर्तमानात चार ओळी कशाबशा सापडतात. उपदेशाची वर्षे मोजकी, रंध्याची पुष्कळ. आपल्या सावता माळ्यांची मळ्यातली भक्ती ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगावयास नको.

रविवारच्या वाचनांचे आमचे चक्र तीन वर्षांचे असते. म्हणून तो द्राक्षमळा दर तिसऱ्या सप्टेंबरात परत येतो. २०२० साली प्रार्थनास्थळे बंद होती. मी तो घरी मोबाइलवर ऐकला. आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही, हे वाक्य आले तेव्हा मला त्या उन्हाळ्यात महामार्गावरून बोचकी घेऊन पायी गेलेली माणसे दिसली, आणि आमच्या युनियनने त्यांच्यासाठी किती उशिरा चूल पेटविली होती तेही आठवले.

२०२३ साली पुन्हा आला. त्याच आठवड्यात मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोहोचविणाऱ्या मुलांची एक सभा झाली होती. त्यांचा पुढारी पंचवीस-सव्वीसचा. लाठी खाल्लेली नाही, तुरुंग पाहिलेला नाही, मोबाइलवरच संघटना बांधलेली. आणि व्यासपीठावर मधली खुर्ची त्याला. मी कडेला. घरी येऊन बायकोला म्हणालो, "आम्ही पहाटेपासून राबलो आणि हे पाच वाजता आले." ती म्हणाली, "अहो, रविवारी हेच वाचणार आहेत ना?"

रात्री डायरी काढली. त्या आठवड्यासाठी दोष निवडला होता तो रागाचा. कुरकुर त्यात धरावी की नाही, याचा थोडा विचार केला, आणि ठिपका दिला. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी फोन केला. त्यांच्या मागणीपत्राचा मसुदा कायद्याच्या दृष्टीने कच्चा होता, तो आम्ही दोघांनी मिळून तीन रात्रींत पुरा केला. खाली सही त्याची आहे.